मागच्या एअर शॉकचं सेटिंग: आधी सॅग, लगेच रिबाउंड, बाकीचं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, वजन ७४ किलो, मागे १४० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलण्याचं अंतर) असलेली फुल सस्पेन्शन सायकल सेकंडहँड घेतलीत. हादरे झेलणारा शॉक एअर, म्हणजे हवेवर चालणारा, माप २१० × ५० मिमी, त्यावर रिबाउंडचा (दबलेला शॉक परत येण्याच्या वेगाचा) लाल नॉब आणि शॉक कडक करायचा तीन टप्प्यांचा निळा लीव्हर. आधीच्या मालकाने २२० पीएसआय ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्या हवेवर दगडी उतारावर मागचं चाक उडायचं, म्हणून कमी करत करत तुम्ही १५० पर्यंत आलात. आता सायकल चढावर मागून बसते, पेडल दगडांना आपटतात, शॉक तळाला लागतो आणि उतारावरचे हादरे मात्र आहेत तसेच आहेत. तर हवा नक्की किती ठेवायची?

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट शेवटची आहे. ७० पीएसआय कमी करूनही हादरे गेले नाहीत. हवा हेच एकमेव कारण असतं तर एवढ्याने सायकल गादीसारखी मऊ व्हायला हवी होती. हवेबरोबर आणखी एक गोष्ट बदलायला हवी होती आणि ती तुम्ही बदललेली दिसत नाही: रिबाउंड. त्याकडे येतोच, पण त्याआधी हवेचा हिशेब नीट लावून घेऊ, कारण रिबाउंडचं सेटिंग हवेवर अवलंबून असतं. उलट क्रमाने गेलात तर सगळं दोनदा करावं लागेल.

दुसऱ्याचा पीएसआय आपल्याला का चालत नाही ते आधी पाहा. तुमच्या मागच्या चाकाचा ट्रॅव्हल १४० मिमी आणि शॉकचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर) ५० मिमी. म्हणजे चाक सरासरी २.८ मिमी वर आलं की शॉक १ मिमी दबतो, आणि त्याच हिशेबाने शॉकवर येणारा जोर चाकावरच्या जोराच्या २.८ पट होतो. तुम्ही, हेल्मेट, बूट, पाठीवरचं पाणी मिळून ८० किलो धरू. त्यातलं साधारण ६० टक्के मागच्या चाकावर आलं तर ४८ किलो, आणि शॉकवर जवळजवळ १३५ किलो. मित्राच्या सायकलीत हेच गुणोत्तर २.४ असेल तर त्याच वजनाच्या माणसाला बरीच कमी हवा पुरेल. शिवाय आतल्या पिस्टनचा आकार आणि निगेटिव्ह चेंबर (शॉकला आत ओढणारा हवेचा कप्पा, त्याबद्दल पुढे) किती मोठा, यावरही आकडा बदलतो. वजन जितके पाउंड तितके पीएसआय, हा जुना नियम अजून सांगितला जातो. तुमच्या बाबतीत तो १६३ येईल. सुरुवात करायला तेवढा ठीक आहे. पण फॉक्स कंपनीच्या शॉकवर ईव्हॉल स्लीव्ह (हवेचं बाहेरचं नळकांडं) आली, रॉकशॉक्स कंपनीने तसंच डेबनएअर आणलं, दोन्हींमध्ये निगेटिव्ह चेंबर मोठा झाला आणि तेवढ्याच सॅगसाठी जास्त हवा लागायला लागली. म्हणून मी गिऱ्हाइकाला पीएसआय विचारतच नाही, सॅग विचारतो. सॅग म्हणजे तुम्ही सायकलीवर नुसते उभे राहिलात की शॉक किती मिमी बसतो ते.

सॅग मोजण्याआधी दोन गोष्टी तपासा. टायरमध्ये हवा किती आहे? तुमच्या वजनाला, २.४ इंची ट्यूबलेस टायर असेल तर मागे २४ ते २६ आणि पुढे २१ ते २३ पीएसआय पुरते. ट्यूब असेल तर चिमटा बसून पंक्चर होऊ नये म्हणून ३० च्या आसपास जा. रस्त्यावरच्या सायकलीच्या सवयीने ४५ भरलेले टायर मी सर्रास बघतो. तसल्या टायरवर जगातला कुठलाही शॉक आरामदायी वाटणार नाही. आणि लीव्हर पूर्ण उघडा आहे का? घरापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्त्यावर लीव्हर बंद करून जायचं आणि उतारावर तो उघडायचा विसरायचं, हे इतकं होतं की हादऱ्यांची तक्रार आली की माझा हात आधी लीव्हरकडे जातो.

आता हवा भरणं. ही वाटते तेवढी सरळ गोष्ट नाही, आणि निम्मे घोळ इथेच होतात.

शॉकमध्ये हवेचे दोन कप्पे असतात. पॉझिटिव्ह चेंबर शॉकला बाहेर ढकलतो, तुमचं वजन तोलतो. निगेटिव्ह चेंबर उलट बाजूने आत ओढतो. तो नसता तर सुरुवातीला शॉक हलायलाच तयार झाला नसता: एका बाजूला पूर्ण दाब, वर सीलचं घर्षण, आणि बारीक खडी थेट पाठीत. तुमच्या पंपाची हवा जाते फक्त पॉझिटिव्हमध्ये. निगेटिव्हमध्ये ती पोचते आतल्या एका छोट्या वाटेने, आणि बहुतेक शॉकमध्ये ही वाट स्ट्रोकच्या सुरुवातीच्या भागात एका ठरावीक जागीच उघडते. म्हणून एका दमात १८० भरून निघालात तर पॉझिटिव्हमध्ये १८० आणि निगेटिव्हमध्ये जुनी, कमी हवा. पहिल्या काही दगडांवर हवा वाटली जाते आणि तुमचे १८० खाली येतात. "कालच भरली होती, आज कमी कशी झाली?" असं विचारत येणाऱ्या बऱ्याच सायकलींमध्ये गळती नसतेच.

पद्धत अशी ठेवा. ५० पीएसआय भरा, मग सीटवर दोन्ही हातांनी वजन टाकून शॉक हळूहळू पाव स्ट्रोकपर्यंत दाबा आणि सोडा, असं दहा वेळा. हळू दाबलंत तर एका जागी हलकासा "फुस्स" आवाज येतो, हाताला बारीक झटका लागतो. ती हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते आहे. मग पुढचे ५०, पुन्हा दहा वेळा. हव्या त्या दाबाजवळ आलात की शेवटचे थोडे पीएसआय भरा, पुन्हा दाबा, गेज पाहा. दाब काढतानाही असंच थांबत थांबत. व्हॉल्वची पिन दाबून धरून सगळी हवा झटकन सोडलीत तर पॉझिटिव्ह रिकामा होतो आणि निगेटिव्हमध्ये जुना दाब अडकतो. मग तो शॉकला आत खेचून धरतो. शॉक असा आखडला तर पुन्हा हवा भरून बाहेर येतो का पाहा. नाही आला तर तो तसाच कार्यशाळेत न्या. अडकलेल्या दाबाचा शॉक घरी खोलणं धोक्याचं आहे. स्लीव्ह उडून माणसं जखमी होतात.

पंपाबद्दल थोडं. शॉक पंपच लागतो, टायरचा चालत नाही, कारण इथे हवा थोडी आणि दाब मोठा असतो. काढताना जो फुसकारा येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. शॉकचा व्हॉल्व त्याआधीच बंद झालेला असतो. आणि पंप पुन्हा लावलात की नळी भरायला शॉकमधलीच हवा जाते, म्हणून १८० भरलेल्या शॉकवर गेज १६५-१७० दाखवेल. नुसतं "बघू किती आहे" म्हणून रोज पंप लावणारे रोज थोडी हवा गमावतात. दाब बघायचा असेल तर बघा, पण नंतर परत भरून काढा. जमलं तर डिजिटल गेजचा पंप घ्या. स्वस्त काट्याच्या गेजवर १० पीएसआयचा फरक डोळ्यांना नीट कळत नाही, आणि तुम्हाला ५ पीएसआयने बदल करायचे आहेत. कमाल दाब शॉकवरच छापलेला असतो. तो ओलांडू नका.

सॅगचं लक्ष्य तुमच्यासाठी ५० मिमीच्या २८ ते ३० टक्के, म्हणजे १४ ते १५ मिमी. क्रॉसकंट्री शर्यतीचे लोक २० ते २५ टक्के ठेवतात, मोठ्या उतारांचे ३० च्या पुढे जातात. मोजताना नेहमी शॉकचा स्ट्रोक धरायचा, चाकाचा ट्रॅव्हल नाही. १४० चे ३० टक्के काढून शॉकवर ४२ मिमी शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

नेहमी राइडला जाता तसे पूर्ण तयारीत सायकलीवर चढा, पाण्याची पिशवी भरलेली. एकाने समोरून हँडल धरावं. ब्रेक दाबू नका, काही सायकलींच्या मागच्या बांधणीत ब्रेकमुळे शॉक मोकळा हलत नाही. दोन्ही पेडल समांतर करून उभे राहा, उतारावर असता तसे गुडघे-कोपरे थोडे वाकवून. दोन-तीनदा जोरात दाबून सोडा म्हणजे सीलचं घर्षण मोडतं. मग शांत उभे राहा आणि दुसऱ्याला शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सरकवून सीलला टेकवायला सांगा. उतरताना उडी मारू नका, मांजरपावलांनी उतरा. उतरतानाच्या हिसक्याने रिंग २-३ मिमी पुढे सरकते आणि सगळं मोजमाप खोटं ठरतं. आता सील आणि रिंग यांतलं अंतर पट्टीने मोजा. काही जण सीटवर बसून मोजतात. बसल्यावर वजन मागे जातं आणि सॅग जास्त येतो. दोन्ही पद्धती चालतात, पण एक धरा आणि तीच ठेवा. मी उभ्याने मोजतो, कारण शॉकचं खरं काम तुम्ही उभे असतानाच असतं.

सेकंडहँड शॉकवर रिंग बऱ्याचदा तुटून गेलेली असते आणि नवी घालायला स्लीव्ह खोलावी लागते. तोवर दांड्याभोवती बारीक झिप-टाय अलगद बांधून मोजा आणि राइडला निघण्याआधी कापून टाका, नाहीतर पूर्ण दाबात ती सीलमध्ये घुसेल.

या दाबाला ५ पीएसआयने साधारण अर्धा मिमी सॅग बदलतो. १५० वर तुमचा सॅग २० मिमीच्या आसपास निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणजे ४० टक्के स्ट्रोक नुसतं उभं राहण्यातच गेला. पेडल आपटणं आणि चढावर मागे बसणं हे त्यामुळेच. १५ मिमीवर या आणि तो दाब लिहून ठेवा.

आता रिबाउंड, म्हणजे तुमच्या हादऱ्यांचं मूळ.

दगडावर चाक वर येतं, शॉक दबतो, आणि दबलेली हवा त्याला परत बाहेर फेकते. हा परतीचा वेग आवरायचं काम आतल्या तेलाचं; लाल नॉब त्या तेलाची वाट अरुंद किंवा रुंद करतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला की वाट अरुंद, परत येणं सावकाश. आता तुमची गोष्ट बघा. २२० वर हवेचा रेटा जोरदार होता, त्याला आवरायला नॉब बऱ्यापैकी बंद असणार. तुम्ही हवा १५० वर आणलीत, म्हणजे रेटा एक तृतीयांश कमी झाला, पण तेलाचा अडथळा तेवढाच राहिला. शॉक आता आळसावल्यासारखा परत येतो. पहिल्या दगडावर तो २० मिमी दबला, अजून अर्धा परतला नाही तोच दुसरा दगड आला. तो आणखी खाली गेला. चौथ्या-पाचव्या दगडाला तो शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात अडकलेला असतो, जिथे हवा सगळ्यात जास्त दबलेली आणि म्हणून सगळ्यात कडक असते. तुमच्या पाठीला कळतं एवढंच: "कडक आहे." कडक म्हणजे हवा जास्त, असं वाटून आपण आणखी हवा काढतो, रेटा आणखी कमी होतो, शॉक आणखी खाली अडकतो. एकीकडे तळाला लागतो आणि एकीकडे हादरे देतो, या दोन्ही तक्रारी एकाच वेळी ऐकल्या की मला पहिला संशय याचाच येतो.

आपल्याकडे हा त्रास जास्त जाणवण्याचं कारण जमिनीत आहे. सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर बसून झाला. त्यामुळे सिंहगडाच्या बाजूच्या सोंडा घ्या किंवा पुण्याच्या टेकड्या घ्या, उतार एकसारखा नसतो: बेसाल्टची टोकदार पायरी, मग थोडा मुरूम, मग पुन्हा पायरी. चौकोनी कडांचे ठोके एकापाठोपाठ येतात आणि मधे शॉकला परतायला फार थोडा वेळ मिळतो. मऊ मातीच्या, मुळ्यांच्या जंगली वाटांवर चालून जाणारा संथ रिबाउंड इथे चालत नाही. रत्नागिरीकडच्या किंवा गोव्यातल्या जांभ्याच्या सड्यावर चालवायला गेलात तर वेगळाच प्रकार: पायऱ्या कमी, पण खडबडीत, छिद्रांछिद्रांची जमीन आणि सतत बारीक थरथर. तिथे मी पुण्यापेक्षा एक-दोन क्लिक आणखी मोकळा ठेवतो.

नॉब घड्याळाच्या दिशेने अलगद शेवटपर्यंत बंद करा, जोर लावू नका, आणि किती क्लिक लागले ते मोजा. तिथे तुमचा सध्याचा आकडा कळेल. पुढे सगळे क्लिक या बंद टोकापासूनच मोजायचे. उघडं टोक शॉकगणिक थोडं इकडेतिकडे असतं. एकूण क्लिकच्या मध्यावर या. सोसायटीतल्या फुटपाथच्या कडेवरून सीटवर बसून, पेडल न मारता, हळू खाली उतरा. मागचं चाक पडल्यावर शॉक दबून वर यावा, किंचित जास्त वर जाऊन एकदाच थांबावा. दोन-तीनदा हिंदकळला तर दोन क्लिक बंद करा. परत येताना तुम्हाला त्याचा प्रवास शांतपणे अनुभवता आला तर तो फार संथ आहे, उघडा.

हे झालं अंगणातलं. खरा निकाल ट्रेलवर. दोन मिनिटांचा एक तुकडा निवडा ज्यात लागोपाठ दगडी पायऱ्या आहेत पण मोठा ड्रॉप (उडी घेऊन उतरायची जागा) नाही. ड्रॉप नको, कारण रबरी रिंग फक्त सगळ्यात खोल गेलेली जागा दाखवते. ती एका मोठ्या दणक्याने गेली की हळूहळू खाली अडकत गेली हे ती सांगत नाही. तुकड्याच्या वर थांबून रिंग सीलला टेकवा, खाली या, रिंग बघा. एकही मोठा दणका न बसता रिंग ४० मिमीच्या पुढे गेली असेल तर शॉक खाली अडकतो आहे. तीन क्लिक उघडा, त्याच वेगाने तोच तुकडा पुन्हा. मग मधल्यापासून तीन क्लिक बंद करून एकदा. दोन्ही टोकं अंगाला कळली की मधलं शोधायला वेळ लागत नाही. फार मोकळा असेल तर पायरीनंतर सीट ढुंगणाला मारते, ब्रेक लावल्यावर मागचं चाक टणाटण उडतं, आणि लहानशा उडीवर वजन हँडलकडे फेकलं जातं. शेवटचं लक्षण धोक्याचं, ते जाणवलं की लगेच एक-दोन क्लिक बंद. ही लक्षणं दिसत नाहीत तोवर मी माणसांना मोकळ्या बाजूला राहायला सांगतो. बहुतेक जण सुरक्षित वाटतो म्हणून संथ रिबाउंड ठेवतात, आणि आपल्या खडकांवर तोच पकड घालवतो, कारण पुढच्या दगडाआधी चाक जमिनीला टेकतच नाही.

यापुढे १० पीएसआयहून जास्त हवा बदललीत की रिबाउंड पुन्हा तपासायचा. हवा वाढली तर एखादा क्लिक बंद, कमी झाली तर एखादा उघडा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. टेकडीवर पहाटे फिरायला येणारी माणसं असतात, त्यांच्या वेळेत हे प्रयोग करू नका. एकच तुकडा वेगात वारंवार उतरायचा असतो आणि वळणापलीकडे कोणी आजोबा असू शकतात.

सॅग १५ मिमी, रिबाउंड जागेवर, आणि तरी शॉक तळाला खाडकन लागतो असं झालं तरच व्हॉल्यूम स्पेसरचा विचार करा. स्पेसर म्हणजे हवेच्या कप्प्यात बसवायचा प्लॅस्टिकचा तुकडा. तो काय करतो ते आकड्यांत पाहू. समजा कप्पा १५० घनसेंमीचा आहे आणि शॉक पूर्ण दबल्यावर ६० उरतो, हवा २.५ पट दाबली गेली. १० घनसेंमीचा स्पेसर घातला की १४० चे ५० होतात, म्हणजे २.८ पट. शेवटचा भाग बराच कडक झाला. पण सॅगपाशी, ३० टक्के स्ट्रोकवर, आधी १.२२ पट दाब होता तो १.२४ झाला, फरक जाणवणारही नाही. हेच स्पेसरचं काम: सुरुवात तशीच ठेवून शेवट कडक करणं. तळाला लागू नये म्हणून हवा वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने सुरुवातच कडक होते, म्हणजे तुमचे २२० परत येतात. उलट, नेहमीच्या सगळ्यात दांडग्या उतारावरही रिंग ४२-४३ मिमीच्या पुढे जात नसेल तर एक स्पेसर काढून बघा; विकत घेतलेला ट्रॅव्हल वापरायला मिळाला पाहिजे. राइडमध्ये एखाद्या वेळी तळ हलकासा लागणं ठीक आहे. स्पेसर बदलायला आधी हवा वर सांगितल्याप्रमाणे थांबत थांबत, दोन्ही कप्प्यांतून पूर्ण काढावी लागते, मगच स्लीव्ह खोलायची. पहिल्यांदा करणार असाल तर कोणा जाणत्याबरोबर करा.

कम्प्रेशन, म्हणजे शॉक दबताना तेलाने होणारा अडथळा, याबद्दल तुम्हाला फार काही करायचं नाही. तुमच्या लीव्हरचे तीन टप्पे आहेत: उघडा, मधला, कडक. डांबरी चढाला कडक, मुरमाच्या लांब चढाला मधला, उतारावर उघडा. कडक टप्प्यावर मोठी उडी मारू नका, आतल्या व्हॉल्ववर सगळा भार येतो. पुढेमागे लो-स्पीड कम्प्रेशनचा वेगळा नॉब असलेला शॉक आलाच तर एवढं लक्षात ठेवा की यातला वेग शॉकच्या दांड्याचा असतो, सायकलीचा नव्हे. पेडलिंगच्या डोलण्याला, वळणात दबण्याला दांडा सावकाश हलतो. चौकोनी दगडावर तो झपकन हलतो, मग तुम्ही पायी चालण्याच्या वेगाने का जात असेना.

पुढचा फोर्क विसरू नका. मागे सॅग ३० टक्के आणि पुढे १० अशी सायकल कायम मागे झुकलेली राहते, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि सपाट वळणात पकड सोडतं. फोर्कचा सॅग १५ ते २० टक्के ठेवा. मग मोकळ्या मैदानात पेडलवर उभे राहून सायकल सरळ खाली दाबून सोडा. पुढचं-मागचं साधारण एकत्र खाली जाऊन एकत्र वर यायला हवं.

तापमानाचा फरकही धरा. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांना १८० भरलेत आणि दुपारी ३० अंशांना टेकडीवर असलात तर शॉकमध्ये १९२ च्या आसपास असतील, गळती नाही की काही बिघाड नाही. लांब उतारावर तेल आणि स्लीव्ह तापते, त्याने आणखी थोडा वाढतो. म्हणून सॅग ज्या वेळी चालवता त्याच वेळच्या हवामानात मोजा, आणि उन्हाळा सुरू झाला की एकदा पुन्हा. उंचीची काळजी मात्र करू नका. लेहला गेलात तरी गेजवर पाचेक पीएसआयचाच फरक पडतो.

शेवटी शॉकची तब्येत. सेकंडहँड सायकलीत मी हे सेटिंगच्या आधीच बघतो. सीट धरून मागची बाजू वर-खाली हलकेच हलवा. "टक" असं जाणवलं तर शॉकच्या टोकाचं बुशिंग किंवा मागच्या सांध्याचं बेअरिंग गेलंय. हा टक-टक पुष्कळदा चुकीच्या सेटिंगच्या नावाने खपतो. दांड्यावर तेलाची पुसट ओल ठीक, पण थेंब दिसला तर सील गेलं. लीव्हर कडकवर ठेवूनही शॉक सहज दबत असेल, किंवा परत येताना आतून चूळ भरल्यासारखा आवाज येत असेल, तर तेलात हवा किंवा नायट्रोजन मिसळलाय आणि लाल नॉब कितीही फिरवलात तरी उपयोग नाही. डॅम्परची, म्हणजे शॉकच्या तेलाच्या भागाची, सर्व्हिस लागेल. रॉकशॉक्स स्लीव्हची साफसफाई ५० तासांनी आणि डॅम्परची २०० तासांनी सांगते, फॉक्स १२५ तास किंवा वर्ष. हे तास चालवण्याचे. आपल्याकडे मुरमाची बारीक लाल पूड सीलच्या कडेला चिकटून बसते आणि सँडपेपरसारखा दांडा घासते, म्हणून मी स्लीव्हच्या बाबतीत ५० च्या आतच राहतो. राइडनंतर जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने दांडा आणि सीलची कडा पुसा. पावसाळ्यात चिखल झाला तर हलक्या पाण्याने धुवा, सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाचा फवारा सीलवर नको.

या क्रमाने करून बघा आणि मला चार गोष्टी कळवा: १५ मिमी सॅगला किती पीएसआय लागले, बंद टोकापासून रिबाउंड किती क्लिकवर थांबला, पायऱ्यांच्या तुकड्यानंतर रिंग किती मिमीवर होती, आणि नेहमीच्या सगळ्यात मोठ्या उतारानंतर किती. स्पेसर हवा की नको ते शेवटच्या दोन आकड्यांवरून सांगता येईल.